वही आपली, किल्ली कुणाची?

लक्ष्मीपूजनाला आमच्या नायगावच्या मोंढ्यात अजूनही वहीची पूजा होते. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि 'शुभ लाभ'. मात्र पूजेची वही आणि व्यवहाराची वही एकच असण्याचे दिवस आता सरले आहेत. कापसाच्या गाडीचे वजन, शेतकऱ्याची पट्टी, हमाली-तोलाई, सरकीची विक्री, जीएसटीचे बिल, मजुरांची हजेरी हे सगळे कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या एका यंत्रात साठते. ते यंत्र म्हणजे सर्व्हर. त्यातल्या नोंदी नीट लावून ठेवणारे आणि मागाल तेव्हा शोधून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे डेटाबेस.

कागदाची वही विकत घेतली की ती पूर्णपणे आपली होते. मुनीम बदलला तरी नवा मुनीम तीच वही उघडून वाचू शकतो. संगणकातल्या वहीचे तसे नाही. बहुतेक कारखान्यांत डेटाबेसचे सॉफ्टवेअर एखाद्या मोठ्या कंपनीच्या मालकीचे असते. आपण फक्त ते वापरण्याचा परवाना घेतो. ते आत कसे चालते हे आपल्याला पाहता येत नाही आणि परवान्याच्या अटी पुढच्या आवृत्तीत बदलू शकतात. म्हणजे नोंदी आपल्या, पण कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे.

नायगाव, नरसी, कृष्णूरची औद्योगिक वसाहत आणि पलीकडे लातूरच्या डाळ मिलपर्यंत मी गेली काही वर्षे या विषयावर लोकांशी बोलत आलो आहे. कारखान्याने मुक्त स्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, सर्व्हर आणि डेटाबेसकडे का वळावे, आणि मालकाला ते कसे पटवावे, हा या लेखाचा विषय आहे. 'फुकट मिळते' हे त्याचे सर्वांत दुबळे कारण आहे. खरे कारण किल्लीचे आहे.

जुलै २०२५चा धडा

किल्ली दुसऱ्याकडे असणे म्हणजे काय, हे गेल्या वर्षांत सर्वांत स्पष्टपणे दिसले ते नायरा एनर्जी या कंपनीच्या बाबतीत. मुंबईत मुख्यालय आणि गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेली ही कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि कामकाजाच्या संदेशांची व्यवस्था बंद पडली. परवान्यांचे पैसे भरलेले असताना हे घडले, असे म्हणत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ३० जुलैला सेवा पूर्ववत झाल्याचे न्यायालयात सांगण्यात आले.

यात कोण बरोबर, हा आपला प्रश्न नाही. भारतात नोंदलेल्या, भारतीय कायद्याने चालणाऱ्या कंपनीचे दैनंदिन काम ब्रुसेल्समधल्या एका निर्णयाने थांबू शकले, एवढेच लक्षात घ्यायचे.

आमच्या भागातल्या जिनिंगवर युरोपीय संघ निर्बंध घालणार नाही, हे उघड आहे. आपल्याकडचे प्रकार लहान असतात, पण जात तीच. सॉफ्टवेअर देणारा धंदा बंद करतो आणि डेटाबेसचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. जुन्या आवृत्तीचे सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे बंद होते आणि नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर चालत नाही. ऐन हंगामात सर्व्हर बदलावा लागतो आणि परवाना नव्या यंत्रावर चढत नाही. प्रत्येक वेळी नोंदी आपल्याच असतात, फक्त हाताशी नसतात.

मुक्त स्रोत म्हणजे नेमके काय

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ सोर्स कोड सर्वांना पाहता येतो. परवाना चार गोष्टींची मुभा देतो. कशासाठीही वापरा, आतले पाहा, बदला आणि दुसऱ्याला द्या. एकदा मिळालेल्या आवृत्तीवरची ही मुभा परत घेता येत नाही. लिनक्स ही सर्व्हर चालवणारी प्रणाली १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली. पोस्टग्रेस या डेटाबेसचे काम १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाले आणि १९९६ पासून ते पोस्टग्रेसक्यूएल या नावाने जगभरचे स्वयंसेवक आणि अनेक कंपन्या मिळून चालवतात. त्याचा कुणी एक मालक नाही.

मालक नसल्याचा आणि मुभा परत न घेता येण्याचा उपयोग काय, हे मायएसक्यूएलच्या गोष्टीतून कळते. १९९५ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला हा डेटाबेस सन कंपनीने २००८ साली सुमारे १०० कोटी डॉलरना घेतला. जानेवारी २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. ओरॅकल तर बंदिस्त डेटाबेसची सर्वांत मोठी विक्रेती. पण सोर्स कोड खुला असल्यामुळे मायएसक्यूएलचे एक मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याची शाखा काढली आणि धाकट्या मुलीच्या नावावरून तिला मारियाडीबी म्हटले. ज्यांना ओरॅकलवर विसंबायचे नव्हते, ते आपल्या नोंदी घेऊन तिकडे गेले. मालक बदलला तरी गिऱ्हाईक अडकले नाही.

आता आतल्या कामाविषयी थोडे. आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आधी रोजमेळ लिहितात, मग खतावणी करतात. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजमेळावरून ती पुन्हा लावता येते. डेटाबेस हेच करतो. प्रत्येक बदल आधी एका सलग नोंदपत्रात लिहिला जातो, तो तबकडीवर पक्का झाला की मगच 'व्यवहार झाला' असे उत्तर मिळते, आणि मुख्य तक्ते नंतर सावकाश अद्ययावत होतात. मधेच वीज गेली तर यंत्र पुन्हा सुरू होताना हा रोजमेळ वाचून खतावणी पुरी होते. मराठवाड्यात विजेचा भरवसा किती, हे सांगायला नको. ही सोय बंदिस्त डेटाबेसमध्येही असते. फरक एवढाच की पोस्टग्रेसमध्ये हा रोजमेळ सतत दुसऱ्या यंत्रावर, समजा कृष्णूरच्या कारखान्यातून नांदेडच्या कार्यालयात, पाठवत राहून जिवंत प्रत ठेवायची असेल तर दुसरा परवाना घ्यावा लागत नाही.

वहीतली दुसरी रीत म्हणजे चुकलेली ओळ खोडरबराने पुसायची नाही. ती छेदून खाली नवी ओळ लिहायची. पोस्टग्रेसही बदल करताना जुनी ओळ लगेच पुसत नाही, नवी लिहितो. पण पूर्वी अशा प्रत्येक नव्या ओळीसाठी सगळ्या अनुक्रमणिकांत नवी नोंद करावी लागे आणि काम मंदावे. २००८ च्या ८.३ आवृत्तीत यावर उपाय आला. अनुक्रमणिकेतला तपशील बदललेला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी ओळ जुनीलाच साखळीने जोडायची आणि अनुक्रमणिकेला हातच लावायचा नाही. ही सुधारणा मुख्यतः एका भारतीय अभियंत्याने लिहिली. तो तेव्हा पुण्यात कार्यालय असलेल्या एंटरप्राइझडीबी या कंपनीत होता. 'परदेशी माल' म्हणून याकडे पाहणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. यात आपल्या माणसांचे हात लागलेले आहेत.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणे

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. शंभर कोटींहून अधिक लोकांच्या नोंदी ठेवायची ही यंत्रणा लिनक्स, मायएसक्यूएल, हडूप, एचबेस अशा मुक्त स्रोत साधनांवर उभी केली गेली. आधारच्या गोपनीयतेविषयी आणि सक्तीविषयी मोठा वाद झाला, तो वेगळा विषय. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे जुळवणारे सॉफ्टवेअर मुक्त स्रोतात तयार मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा प्राधिकरणाने ते एका कंपनीकडून न घेता तिघांकडून घेतले आणि काम तिघांत वाटले. जिथे मुक्त स्रोत शक्य तिथे तो, जिथे नाही तिथे एकाच दारावर अवलंबून राहायचे नाही. हट्ट नाही, हिशेब आहे.

दुसरे उदाहरण आपल्या लहान कारखान्यांच्या जास्त जवळचे. मुंबईतले रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. तिथे खरेदी-विक्री, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारे तयार सॉफ्टवेअर बसवायचा प्रयत्न फसला. त्या अनुभवातून त्यांनी स्वतःच एक सॉफ्टवेअर लिहायला घेतले. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट आज मुक्त स्रोत म्हणून मिळते. ते लिनक्स आणि मारियाडीबीवर चालते. कंपनी सॉफ्टवेअरचा परवाना विकत नाही. ती सर्व्हर सांभाळण्याची आणि आधार देण्याची सेवा विकते. तुम्हाला तिची सेवा पटली नाही तर तेच सॉफ्टवेअर, त्याच नोंदी घेऊन दुसऱ्या सेवादाराकडे जाता येते किंवा स्वतःच्या यंत्रावर चालवता येते. 'फुकट दिले तर पोट कसे भरणार' या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोताच्या वापराचे धोरण जाहीर केले. सरकारी खात्यांनी निविदा काढताना मुक्त स्रोताचा विचार करावा आणि पुरवठादाराने तो वगळला तर कारण द्यावे, असे त्यात आहे. खाजगी कारखान्याला हे बंधन नाही, पण पुरवठादाराला हाच प्रश्न विचारायला त्याला कुणी अडवलेले नाही.

'फुकट' हा मुद्दा का चालत नाही

शहरातले सल्लागार मालकाला पटवताना आधी पैशांचा तक्ता मांडतात. एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीचा कंपनीने जाहीर केलेला दर सर्व्हरमागे ९८९ डॉलर आणि प्रत्येक वापरणाऱ्यामागे २३० डॉलर आहे. दहा जणांच्या कार्यालयाला ३,२८९ डॉलर, म्हणजे एका डॉलरला ८५ रुपये धरले तर सुमारे २ लाख ८० हजार रुपये. विंडोज सर्व्हरचा परवाना वेगळा. माणसे जास्त असतील तर प्रोसेसरच्या कोअरप्रमाणे पैसे मोजायचे. चार कोअरला ७,८९० डॉलर, म्हणजे ६ लाख ७० हजारांच्या आसपास.

हा तक्ता आमच्याकडे मांडला की मालक हसतो. कारण त्याने यातला रुपयाही दिलेला नसतो. सॉफ्टवेअर देणाऱ्या मुलाने कुठूनतरी आणलेली प्रत बसवलेली असते. एका जिनिंगच्या मालकांनी मला सरळ विचारले, "सर, तुमचं बी फुकट अन् माझं बी फुकट. मग बदलायची उठाठेव कशाला?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. पहिले उत्तर कायद्याचे. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलाने बसवली असली तरी वापरतो मालक. दुसरे उत्तर असे की चोरीच्या मालाला जाब विचारता येत नाही. बिघडले तर कंपनीकडे तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

काही ठिकाणी बेकायदा प्रत नसते. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस ही अधिकृत मोफत आवृत्ती असते. पण २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे. वजनकाट्याचे फोटो आणि बिलांच्या प्रती त्यातच साठवल्या, तर ती काही हंगामांत भरते. भरली की नवी नोंद घेतली जात नाही, आणि हे बहुधा गर्दीच्या दिवशीच घडते, कारण नोंदी त्याच दिवशी जास्त होतात. मोफत आणि मुक्त यांतला फरक इथे कळतो. मोफत वस्तूची मर्यादा देणारा ठरवतो.

टेबलाभोवतीची चार माणसे

पटवायचे असते ते एकट्या मालकाला नाही. टेबलाभोवती चार जण असतात आणि प्रत्येकाची भीती वेगळी असते.

मालकाची भीती: बिघडले तर कुणाला धरायचे? त्याला उत्तर असे की परवान्याचे वाचलेले पैसे पूर्ण वाचवायचे नाहीत. त्यातला एक भाग वार्षिक देखभाल कराराला द्यायचा, लेखी करार करायचा. पुणे-हैदराबादेत पोस्टग्रेस आणि लिनक्स जाणणारे लोक बरेच आहेत. एकाशी जमले नाही तर दुसरा मिळतो.

सीएची भीती: कायद्यात बसेल का? १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावे लागते. प्रायव्हेट लिमिटेडलाही हे लागू आहे. अडचण अशी की पडद्यावरून नाही, थेट डेटाबेसमध्ये शिरून आकडा बदलला तर? पोस्टग्रेसमध्ये अशा थेट बदलांचीही नोंद ठेवणारी साधने मोफत मिळतात आणि ती कशी काम करतात हे सीएने नेमलेला जाणकार वाचून तपासू शकतो. हे समजल्यावर सीए बहुधा आपल्या बाजूला येतात.

सॉफ्टवेअर देणाऱ्याची भीती: माझे काम वाढेल. हे खरेच आहे. त्याचा प्रोग्रॅम एकाच डेटाबेसच्या बोलीत लिहिलेला असेल तर त्यातला हिशेबी भाग पुन्हा लिहावा लागतो. त्याला या कामाचे पैसे द्यावेत. फुकटात करून घेतलेले काम हंगामात फसते.

चौथा, संगणक सांभाळणारा मुलगा. तो पंचवीस वर्षांचा, त्याला विंडोज येते, लिनक्स येत नाही आणि नोकरी जाईल असे वाटते. माझ्या मते सगळ्यांत आधी त्याच्याशी बोलावे. त्याला जुन्या संगणकावर लिनक्स बसवून द्यावे, महिनाभर खेळू द्यावे. पुढे संकटात रात्री दोनला धावून येणारा तोच असतो.

बदल कसा करावा

वेळ आधी ठरवावी. जिनिंग दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गजबजते, साखर कारखान्याचे गाळपही हिवाळ्यात. म्हणून हे काम मृग ते पोळा या काळात. सुरुवात मुख्य हिशेबापासून करू नये. पहिल्या वर्षी बॅकअप आणि फाइली ठेवण्याचा सर्व्हर लिनक्सवर न्यावा. मग फक्त अहवाल काढण्यासाठी नोंदींची प्रत पोस्टग्रेसमध्ये ठेवावी. तिथले आकडे जुन्याशी जुळू लागले, की निदान दोन महिने दोन्ही यंत्रणा शेजारी चालवाव्यात. रोजच्या बेरजा पैशापर्यंत जुळल्या पाहिजेत.

न जुळण्याची कारणे ठरलेली असतात. तारखेत दिवस आधी की महिना आधी, पैशाची गोलाई कुठे केली, रिकामी जागा आणि 'माहिती नाही' यांतला फरक. ओरॅकल रिकाम्या मजकुराला 'माहिती नाही' मानतो, पोस्टग्रेस मानत नाही. एवढ्यावरून ताळेबंद हलतो.

मराठीची एक अडचण खास आपली आहे. पंचवीस वर्षांपूर्वीच्या नोंदींत शेतकऱ्यांची नावे जुन्या फॉन्टच्या सांकेतिक लिपीत असतात. तो फॉन्ट नसेल तर 'गंगाधर' हे नाव इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अक्षरेसुद्धा कुणाच्या तरी किल्लीत अडकतात, याचा हा आपल्या पिढीने घेतलेला अनुभव. ती नावे युनिकोडमध्ये आणणे हे या कामातले सर्वांत किचकट आणि सर्वांत पुण्याचे काम.

शेवटची परीक्षा एकच. बॅकअप घेतला, एवढ्यावर समाधान मानू नये. वेगळ्या यंत्रावर तो उघडून, मागच्या हंगामातल्या एका शेतकऱ्याची पट्टी छापून दाखवावी.

कुठे थांबावे

म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ साली मुक्त स्रोताकडे वळायचे ठरवले आणि सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले. २०१७ मध्ये तिने पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. राजकारण होतेच, पण कर्मचाऱ्यांच्या रोजच्या पडद्यावर बदल केला की कुरबुरीही रोजच्या होतात. म्हणून मी सर्व्हरपुरते बोलतो. मुनिमाचा पडदा, त्याची टॅली आहे तिथे राहू द्यावी. सर्व्हर बदललेला त्याला कळूही नये.

मुक्त स्रोतातही धोके असतात. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने सेंटओएस या मोफत लिनक्सच्या आठव्या आवृत्तीचा आधार आधी सांगितलेल्या २०२९ ऐवजी २०२१ अखेर संपवायचे जाहीर केले. ज्यांचे सर्व्हर त्यावर होते त्यांची धांदल उडाली. पण सोर्स कोड खुला होता. २०२१ च्या मध्यापर्यंत अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन पर्यायी प्रणाली तयार होत्या. दार बंद झाले तेव्हा दुसरे दार उघडता आले.

सगळ्यांनी उद्याच बदल करावा, असे माझे म्हणणे नाही. पुढच्या वेळी सॉफ्टवेअरचा करार नवा करताना तीन ओळी मात्र लिहून घ्याव्यात. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड मालकाकडे राहील. सर्व नोंदी कोणत्याही दिवशी, दुसरीकडे वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात मिळतील. करार संपल्यावर त्या काढून द्यायचे पैसे पडणार नाहीत. या तीन ओळींवर सही करायला जो पुरवठादार कचरतो, त्याच्या कपाटात आपली वही किती दिवस ठेवायची, हे मालकाने स्वतःच ठरवावे.